पंचवीस वर्षांची वाईन द्राक्षाची बाग: उपटावी की सेंद्रिय करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिंडोरी तालुक्यात, मोहाडी शिवारात एका कुटुंबाची अडीच एकर वाईन द्राक्षाची बाग आहे. निम्मी शेनिन ब्लांक ही पांढऱ्या वाईनची जात, निम्मी शिराझ ही लाल वाईनची. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, २००१ साली लावलेली. उत्पादन घटत चाललंय आणि भाऊबंदांचा सल्ला आहे की बाग उपटून खायची द्राक्षं लावा. सूनबाईंना मात्र बाग ठेवून सेंद्रिय करायची आहे, जमलं तर बायोडायनॅमिक (शेण भरलेली शिंगं पुरून, चंद्राचं पंचांग पाहून करायची सेंद्रिय शेती), आणि पुढे घरच्या नावानं थोडी वाईन काढायची आहे. येत्या एप्रिलच्या खरड छाटणीच्या आत निर्णय हवाय.

ताई, बाग उपटू नका. नानांनी लावली म्हणून भावनेपोटी हे सांगत नाही. नाशिकच्या हवेत वाईन द्राक्ष रसायनांशिवाय पिकवायचं तर जुनी वेल हेच सगळ्यात मोठं भांडवल आहे. मात्र कामाचा क्रम चुकवू नका. आधी लाकूड सांभाळा, मग पानं, मग माती. प्रमाणपत्राचा अर्ज लवकर करून ठेवा, पण लक्ष या तिन्हींवर ठेवा. बायोडायनॅमिक सगळ्यात शेवटी. पुष्कळ हौशी लोक उलट्या टोकानं सुरुवात करतात. पहिल्याच वर्षी शिंगं पुरतात, पंचांग भिंतीला लावतात, आणि ओलांड्यात, म्हणजे खोडाच्या आडव्या हातांत, शिरलेली मर तशीच वाढत राहते.

तुमची बाग खरंच जुनी आहे का, हे आधी पाहू. जगभरातल्या वाईनशास्त्राचे निकष ठरवणाऱ्या ओआयव्ही या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०२४ साली ३५ वर्षं ही जुन्या वेलीची किमान मर्यादा मानली. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यानं २००९ मध्येच वेलींच्या वयाच्या पायऱ्या ठरवल्या, त्यातली पहिलीही ३५ चीच. त्या मोजमापानं तुमची बाग अजून लहान ठरते. पण तिकडची वेल हिवाळाभर पानं गाळून झोपलेली असते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपली वेल झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोड्या बहाराची छाटणी, वर्षातून दोनदा नवी पालवी. म्हणजे तुमच्या वेलींनी पन्नासच्या आसपास छाटण्या सोसल्यात, आणि प्रत्येक छाटणी ही लाकडावरची एक जखम असते. आपल्याकडे खायच्या द्राक्षाची बाग बारा-पंधरा वर्षांत थकली म्हणून काढतात. त्या हिशेबानं पंचविशीतली बाग म्हणजे इथली जुनी बाग, यात मला शंका नाही.

अशा बागा उरल्याही थोड्याच. २००१ मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि निफाड-दिंडोरीत लोकांनी हौसेनं वाईनच्या जाती लावल्या. २००८ नंतरच्या मंदीत वायनऱ्यांनी माल उचलणं कमी केलं. कित्येकांनी त्या दोन-तीन वर्षांत बागांवर कुऱ्हाड चालवली. तुमची वाचली ती नानांच्या धीरामुळे.

आता जुन्या वेलीचा उपयोग काय, ते सांगतो. सगळे चवीबद्दल बोलतात. मला त्याहून मोठी वाटते ती खोडातली साठवण. खोड, ओलांडे आणि जाड मुळ्या यांत वेल पिष्टमय पदार्थ साठवते. ऑक्टोबरला छाटणी झाली की पहिली पाच-सात पानं याच साठ्यावर निघतात, कारण तोवर वेलीला स्वतःचं अन्न करता येत नाही. रासायनिक बागेत डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. सेंद्रियमध्ये ती चालत नाही. मग भिस्त उरते ती छाटणीआधी पाणी तोडण्यावर, हातानं पानगळ करण्यावर आणि खोडातल्या साठ्यावर. जाड, निरोगी खोडाची वेल पेस्टशिवायही बऱ्यापैकी एकसारखी फुटते. तीन वर्षांच्या रोपाकडून ती अपेक्षा करू नका.

दुसरा फायदा वाढीचा. २००१ ची लागवड बहुधा डॉगरिज खुंटावर, म्हणजे त्या जातीच्या मुळांवर कलम केलेली, असेल. सूत्रकृमी आणि पाण्याचा ताण सोसणारा म्हणून त्या काळात तोच मिळायचा. डॉगरिज तरुणपणी फार जोरात वाढतो. पालवी दाट होते, आत हवा खेळत नाही आणि भुरी-डाऊनी या बुरशीच्या रोगांना घर मिळतं. वय झालं की हा जोर ओसरतो, काड्या मध्यम जाडीच्या राहतात आणि घडावर ऊन-वारा पोचतो. उत्पादन घटल्याची जी तक्रार तुम्ही मांडलीत, तिच्यातला एक भाग या निवांतपणाचा आहे, आणि सेंद्रिय शेतकऱ्याला तो हवाच असतो. दुसरा भाग मात्र आजाराचा असू शकतो. हे दोन भाग वेगळे करणं हेच तुमचं पहिलं काम.

चवीचं म्हणाल तर जुन्या वेलीची वाईन नेहमीच सरस, असं छातीठोकपणे म्हणायला आधार नाही. मणी लहान आणि माल कमी असला की रंग नि गाभा वाढतो, पण तो परिणाम तरुण वेलीचा माल विरळ करूनही थोडाफार साधतो. जुन्या बागेत मला जाणवतं ते वेगळंच: एखादं वर्ष कोरडं गेलं, एखादं ओलं गेलं, तरी माल फारसा हेलकावत नाही. खोल मुळीचा हा गुण आहे असं मी मानतो.

लाकडाच्या कामाला आता लागा, तोडणी व्हायच्या आधी. शिराझच्या प्रत्येक ओळीतून सकाळी चालत जा, सोबत रंगाचा डबा किंवा रंगीत फिती घ्या. ज्या वेलीची पानं शिरा हिरव्या ठेवून मधून लाल झालीत आणि कडा खाली वळल्यात, तिला लाल फीत बांधा. लीफरोल या विषाणूची ती खूण असू शकते. मॅग्नेशियमच्या कमतरतेतही पान लाल होतं, म्हणून फीत बांधलेल्या वेलींचे नमुने तपासून घ्या. पुण्याजवळ मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात यातली जाणकार माणसं आहेत. शेनिनमध्ये ही खूण डोळ्यांना नीट दिसत नाही, तिथे तपासणीशिवाय मार्ग नाही. विषाणू असलेल्या वेलीवर उपाय नसतो, आणि पिठ्या ढेकूण ही कीड तो शेजारच्या वेलीवर नेते. अशी वेल काढावीच लागते. बाग वाचवायची म्हणजे त्यातली प्रत्येक वेल वाचवायची, असं नाही.

दुसरी फीत ओलांडे वाळलेल्या वेलींना. एका हाताचा ओलांडा टोकाकडून मागे मागे मरत आलाय, फूट खुजी आहे, असं दिसलं की खरड छाटणीच्या वेळी करवतीनं कापून आतलं लाकूड पाहा. आडव्या कापात पाचरीसारखा तपकिरी भाग दिसला तर ती लाकडातली बुरशी. स्वच्छ पांढरं लाकूड लागेपर्यंत मागे कापत या, आणि त्याहून चार बोटं आणखी. मर खोडात उतरली असेल तर खोडाच्या खालच्या भागावर, पण कलमाच्या जोडाच्या वर, आलेली एक फूट राखा. वर्षभर ती सरळ काठीला बांधून वाढवा आणि पुढच्या एप्रिलला जुनं खोड त्या फुटीच्या वर कापून टाका. जोडाखालून आलेली फूट डॉगरिजची असते, ती राखून उपयोग नाही. अशी उभारलेली वेल मुळीनं पंचवीस वर्षांचीच राहते आणि दोन हंगामांत मालाला येते. नवीन लागवडीला हे कधीच साधत नाही.

ही कापाकापी एप्रिलमध्येच करा. तेव्हा हवा कोरडी असते आणि बुरशीचे बीजाणू उडत नाहीत. मोठ्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. किंवा ट्रायकोडर्माचा लेप द्या. दोन्ही एकाच जखमेवर नको. तांबं बुरशी मारतं आणि ट्रायकोडर्मा स्वतः बुरशीच आहे. रोगट लाकूड बांधावर रचून ठेवू नका, शेताबाहेर नेऊन जाळा. निरोगी काड्यांचा मात्र भुगा करून ओळीतच टाका.

खोडकिड्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण जुन्या बागेचा खरा वैरी तोच. पहिल्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात आणि सैल सालीखाली अंडी घालतात. अळी लाकडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पावसाच्या आधी सगळ्या खोडांची आणि ओलांड्यांची सुटलेली साल हातानं काढून घ्या. खोड उघडं पडलं की पिठ्या ढेकणाचीही लपायची जागा जाते. काम कंटाळवाणं आहे, मजुरीही लागते, पण सेंद्रिय बागेत याला पर्याय मला माहीत नाही. जूनपासून प्रकाश सापळे लावा. खोडातून कोरडा भुसा गळताना दिसला तर ते छिद्र शोधून तारेनं अळी काढा. पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलेमस हा मित्रभुंगेरा सोडता येतो. त्याआधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण मुंग्या ढेकणाला राखतात आणि भुंगेऱ्याला हुसकतात.

लाकडानंतर पानं. इथे आपल्या भागातली एक सवय तुम्हाला मोडावी लागेल. पावसाळ्यात वेलीवर घड नसतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर बागेकडे कुणी फारसं पाहत नाही. पण खोडातला साठा भरतो तो याच पानांवर. एप्रिलच्या छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात सूक्ष्मघड तयार होतात, काडी पिकते, आणि मग पान जितके दिवस हिरवं राहील तितका साठा खोडा-मुळ्यांत उतरतो. ऑगस्टमध्ये करप्यानं नि डाऊनीनं पानं गेली तर ऑक्टोबरची फूट अडखळत निघते आणि घड जिरतात. रासायनिक शेतकरी ती उणीव पेस्टनं आणि विद्राव्य खतांनी काही अंशी झाकू शकतो. तुम्हाला ती सोय नाही.

आता तांब्याचा हिशेब. सेंद्रिय द्राक्षाचं सगळं गणित यावरच अडतं, म्हणून जरा सावकाश मांडतो. डाऊनीवर सेंद्रियमध्ये भरवशाचं औषध एकच, ते म्हणजे तांबं. युरोपात मर्यादा आहे हेक्टरी ७ वर्षांत मिळून २८ किलो शुद्ध तांबं, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो. डिमीटरची, म्हणजे बायोडायनॅमिक प्रमाणनाची, मर्यादा वर्षाला सरासरी ३ किलो. तुमचे अडीच एकर म्हणजे जवळपास एक हेक्टर, तेव्हा हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू पडतात. मोरचुदात तांबं साधारण २५ टक्के असतं. म्हणजे ४ किलो तांबं हे १६ किलो मोरचूद झालं, आणि ३ किलो म्हणजे १२ किलो. १ टक्का बोर्डो मिश्रण हेक्टरी हजार लिटर फवारलंत तर एका फवारणीत १० किलो मोरचूद गेलं. दुसऱ्याच फवारणीत वर्षाचा कोटा ओलांडला. म्हणून जुन्या सवयीचं १ टक्क्याचं बोर्डो विसरा. अर्ध्या टक्क्याचं, ५०० लिटर पाण्यात, बारीक थेंबानं फवारा. एका वेळी अडीच किलो मोरचूद लागेल, म्हणजे सव्वासहाशे ग्रॅम तांबं. अशा सहा फवारण्या युरोपच्या मर्यादेत बसतात, डिमीटरच्या मर्यादेत चारच. मी यातल्या दोन पावसाळ्यासाठी ठेवीन आणि बाकीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी राखीन.

मिश्रण आम्ल राहिलं तर कोवळं पान करपतं. घासून चकचकीत केलेला विळा त्यात बुडवून पाहा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजा. बोर्डो नेहमी पावसाच्या आधी मारायचं असतं. डाग दिसल्यावर मारून तांबं वाया जातं, कारण ते पानात शिरत नाही, वरच राहतं.

गोड्या छाटणीनंतरचे पंधरा ते पंचेचाळीस दिवस हीच तुमची परीक्षा. परतीचा पाऊस, पहाटेचं दव आणि पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंतची कोवळी फूट एकाच वेळी येतात. नोव्हेंबर २००९ चं फयान चक्रीवादळ इथल्या कुणाला विसरता येत नाही, आणि त्यानंतरही अवकाळीनं आपल्याला मोकळं सोडलेलं नाही. सेंद्रिय बाग ऑक्टोबरच्या मध्याआधी छाटू नये असं माझं ठाम मत आहे. उशिरा छाटलं की तोडणी मार्चकडे सरकते, उन्हात साखर झटकन चढते आणि आम्लता पडते. शेनिनला हे सोसवत नाही, शिराझला बरंच सोसतं. म्हणून शेनिन आधी छाटा, शिराझ आठ-दहा दिवसांनी. फार उशीरही नको. निफाड पट्ट्यात डिसेंबरचा पारा उतरला की फूट जागच्या जागी थांबते.

भुरीसाठी गंधक आहेच, ते स्वस्त आहे आणि चालतंही. फक्त भर दुपारी मारू नका आणि तोडणीआधी निदान पाच आठवडे थांबवा. मण्यावर राहिलेलं गंधक टाकीत गेलं की वाईनला सडक्या अंड्याचा वास येतो. घडाच्या पातळीवरची पानं फक्त पूर्वेकडची काढा. पश्चिमेकडची राहू द्या, नाहीतर फेब्रुवारीचं दुपारचं ऊन मणी भाजतं.

मातीचं थोडक्यात सांगतो, कारण शेणखत तुम्हाला शिकवायची गरज नाही. जूनमध्ये दोन ओळींच्या मधे ताग पेरा आणि फुलावर येताच आडवा करा. ओळीत उसाचं पाचट पसरा. कुजलेलं खत खरड छाटणीच्या वेळी बोदात द्या, ऑक्टोबरला फार नको. तेव्हा नत्र जास्त मिळालं की पान लुसलुशीत होतं आणि डाऊनी धावत येते. उलट नत्र अगदीच कमी पडलं तर रसात यीस्टला खायला उरत नाही आणि आंबवण अर्ध्यावर अडकतं. रसातलं यीस्टला वापरता येणारं नत्र लिटरला १५० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये. तोडणीच्या वेळी हे मोजून घ्या, आणि आकडा खाली असेल तर पुढच्या एप्रिलला खत वाढवा. वाफसा पाहून पाणी द्या. जुनी वेल ओल शोधत खाली जाते, तिला रोज ठिबकवर बांधून ठेवलंत तर पांढरी मुळी वरच्या वितभर मातीतच घोटाळते.

प्रमाणपत्रासाठी केंद्राच्या एनपीओपी या सेंद्रिय उत्पादनाच्या नियमांत बहुवर्षायु पिकाला रूपांतराचा काळ ३ वर्षांचा आहे. त्या काळात खर्च सेंद्रियचा आणि दर नेहमीचा, हे घरात आधी सगळ्यांना सांगून ठेवा. पहिल्या दोन वर्षांत उत्पादन आणखी थोडं खाली जाईल, तेही सांगा. आपल्या भागात खरी अडचण बांधाची असते. शेजारची बाग तुमच्या ओळीपासून हाकेच्या अंतरावर, आणि तिथे रासायनिक फवारणीचा ब्लोअर चालू. बांधावर शेवरी-गिरिपुष्पाची दाट आड करा, शेजाऱ्याकडच्या दोन ओळींचा माल वेगळा तोडून बिगरसेंद्रिय म्हणून विका, आणि शेजाऱ्याशी बोला. चहा पाजून, समोर बसून बोला. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन येत असेल तर निम्मा प्रश्न सुटलेला असतो.

आता बायोडायनॅमिक. तुम्ही विचारलंय की हे शास्त्र आहे की श्रद्धा. रुडॉल्फ स्टायनर यांनी जून १९२४ मध्ये कोबरविट्झ इथे शेतीवर आठ व्याख्यानं दिली, त्यातून ही पद्धत निघाली. गाव तेव्हा जर्मनीत होतं, आता पोलंडमध्ये आहे. शेत हा एकच जीव आहे, त्याचं खत त्याच्याच गोठ्यातून यावं, हा तिचा गाभा. आपल्या आजोबांच्या शेतीला तो परका नव्हता. त्यावर ५०० ते ५०८ क्रमांकांच्या तयारींची, म्हणजे ठरावीक रीतीनं बनवलेल्या मिश्रणांची, जोड आहे. ५०० म्हणजे शिंगखत: व्यालेल्या गाईच्या शिंगात ताजं शेण भरून थंडीचे सहा महिने जमिनीत पुरायचं. आपल्याकडे घटस्थापनेच्या सुमारास पुरतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास काढतात. एकरी २५ ते ३० ग्रॅम, तेरा-पंधरा लिटर कोमट पाण्यात तासभर दोन्ही दिशांनी आळीपाळीनं भोवरा करून ढवळायचं आणि संध्याकाळी जाड थेंबानं जमिनीवर शिंपडायचं. ५०१ म्हणजे गारगोटीची पूड, एकरी एखादा ग्रॅम, पहाटे पानांवर. कंपोस्टमध्ये घालायच्या तयारींतल्या कितीतरी वनस्पती आपल्याकडे उगवत नाहीत, त्यांचे संच विकत आणावे लागतात.

पुराव्याचं सांगायचं तर, स्वित्झर्लंडमध्ये थेरविल इथे १९७८ पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि रासायनिक शेतीची शेजारी-शेजारी तुलना चालू आहे. तिथे बायोडायनॅमिक वाफ्यांत मातीतलं जीवन सगळ्यात समृद्ध दिसलं. पण त्या वाफ्यांना खतही कुजवलेलं मिळत होतं, म्हणून श्रेय एकट्या शिंगखताला देता येत नाही. कॅलिफोर्नियात युकाया गावाजवळच्या मर्लोच्या बागेत दोन्ही भागांना सारखंच कंपोस्ट देऊन, एका भागाला तयारी देऊन पाहिलं. पहिल्या सहा वर्षांत मातीत ठळक फरक निघाला नाही. द्राक्षाच्या साखरेत आणि रंगद्रव्यांत एखाद्या वर्षी थोडा फरक दिसला, इतकंच. म्हणून मी असं मानतो: कंपोस्ट, गोठा, बांधावरची झाडं आणि रोज ओळीत फिरणारा मालक यांचा गुण नक्की आहे. तयारींचा गुण सिद्ध झालेला नाही, अपायही नाही आणि खर्च किरकोळ आहे. मी स्वतः शिंगखत वापरतो. सिलिका, म्हणजे ५०१ ची गारगोटी, मात्र नाशिकच्या फेब्रुवारीच्या उन्हात मला अनावश्यक वाटते.

चंद्राच्या पंचांगाबद्दल तर मी कडक आहे. छाटणी, खत, बाटली भरणं यांचे दिवस पंचांगानं ठरवायला हरकत नाही. पण नोव्हेंबरमध्ये उद्या पावसाचा अंदाज असेल तर बोर्डो आजच मारायचं, पंचांगात दिवस मुळाचा लिहिलेला असो वा फळाचा.

डिमीटरचा शिक्का हवा असेल तर दोन गोष्टी आजच घरात बोला. तिथे फक्त बाग चालत नाही, सगळं शेत रूपांतरित करावं लागतं. तुमचा कांदा, टोमॅटो, जे काही असेल ते सगळं. आणि शेताचा दहावा हिस्सा निसर्गासाठी राखावा लागतो: ओढ्याचा काठ, झाडी, कुंपणाची जाळी. ज्या घरात कांद्याच्या पट्टीवर वर्षाचा संसार उभा आहे तिथे हा निर्णय एकट्या सूनबाईंनी घेण्याचा नाही. फ्रान्समध्ये लुआर खोऱ्यातली कुले द सेरां ही शेनिनचीच बाग १९८० च्या दशकापासून बायोडायनॅमिक आहे आणि तिचं नाव जगात आहे. शेनिनला ही वाट मानवते याची ती चांगली खूण. पण तिथला पाऊस, तिथला दर आणि तिथला खरीददार आपल्याकडे नाही. तीन वर्षं सेंद्रिय नीट जमवा, मग हा विषय पुन्हा काढा.

पैशाचं. टनावर विकून ही बाग परवडणार नाही, हे भाऊबंदांचं म्हणणं खरं आहे. अशा बागेतून एकरी तीन टनांच्या आसपास माल धरा. एका टनातून साडेसहाशे लिटरच्या आसपास वाईन, म्हणजे एकरी अडीच हजारांहून थोड्या जास्त बाटल्या. बाग टिकते ती बाटलीवर. लगेच स्वतःची वायनरी काढू नका. उत्पादन शुल्काचा परवाना, स्टीलच्या टाक्या, थंड करायची यंत्रणा, हे लहान कुटुंबाला कर्जात बुडवतं. आधी जवळच्या एखाद्या लहान वायनरीत टाकी भाड्यानं घ्या आणि फक्त शेनिन करा, कारण पांढरी वाईन वर्षाच्या आत विकता येते. शिराझ विकत राहा. लक्षात ठेवा, लेबलवर सेंद्रिय लिहायचं तर द्राक्षाबरोबर त्या वायनरीतली प्रक्रियाही प्रमाणित लागते. युरोपच्या सेंद्रिय नियमांत कोरड्या लाल वाईनला लिटरमागे १०० मिलिग्रॅम आणि पांढरीला १५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आहे. शेनिन पहाटे अंधारात तोडून गार असतानाच दाबलीत, तर त्याच्या बऱ्याच खाली राहता येतं.

राहिला प्रश्न तुटींचा, म्हणजे वेली गेल्यानं मोकळ्या पडलेल्या जागांचा, नांग्यांचा. फिती बांधून झाल्या की नानांना ओळीतून फिरवा. कोणती वेल मूळची, कोणती नंतर लावलेली, कोणत्या ओळीला पूर्वी पाणी साचायचं, हे त्यांनाच माहीत, आणि ते आताच वहीत उतरवून घ्या. काढलेल्या वेलींच्या जागी बाजारातली कलमं लावू नका. विषाणू नसल्याची तपासणी झालेल्या, दर वर्षी नेमका माल देणाऱ्या तुमच्याच पंधरा-वीस शेनिन आणि तितक्याच शिराझच्या वेली निवडा. नांग्यांमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये ११०आर खुंटाची रोपं लावा. डॉगरिजइतका तो माजत नाही. मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर या निवडलेल्या वेलींच्या काड्यांचं पाचर कलम करा. या वर्षी खुंट मिळायला उशीर झाला असेल तर घाई करू नका, नांगा एक वर्ष मोकळा राहू द्या आणि त्यात ताग पेरा. जुन्या मुळ्या कुजायला तेवढा वेळ लागतोच.